ससा मिळणार नाही

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे हा नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे. तरी साष्टांगच समजून घे, मनातून मी पूर्ण आडवा झालो होतो.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? सूनबाई अजून तुला मीठ मोजून देते का, आणि तू ते अजून डब्यातून परस्पर घेतेस का? इकडे मी ठीक आहे. छातीत बसवलेली जाळी जागच्या जागी आहे, गोळ्या वेळेवर घेतो, जिना दोनदा थांबून चढतो. हे सगळं तू विचारणारच होतीस म्हणून आधीच सांगून टाकलं, म्हणजे मुद्द्यावर येता येईल.

मुद्दा असा, की ससा मिळणार नाही.

तुझा निरोप काल फोनवर वाचला. ‘रविवारी येते. सशाला टोपलीत घालून तयार ठेव. तुला झेपणारं काम नाही ते.’ तीन वाक्यं, आणि त्यात एकही प्रश्नचिन्ह नाही. ताई, मी सहासष्ट वर्षांचा आहे. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. मोठमोठ्या विद्वानांचे ऱ्हस्वदीर्घ मी पोटात घातले आणि बाहेर कधी ब्र काढला नाही. आणि तुझ्या लेखी मी अजून शर्टाची बटणं खालीवर लावणारा धाकटाच. (मागच्या भेटीत ती खालीवर होती, हे मान्य. पण तेव्हा तू दारात उभी राहून घाई करत होतीस.) तर रविवारी जरूर ये, चहा घे, हवं तर माझ्या स्वयंपाकघरातले डबे नेहमीप्रमाणे पुन्हा लाव. मात्र टोपली जशी आणशील तशीच परत न्यायची आहे, एवढं मनाशी धरून ये.

ससा घरात आला कसा, हे तुला अर्धवटच माहीत आहे, आणि अर्धवट माहितीवर तू निकाल देऊन मोकळी झालीस. खरं सांगायचं तर याचं मूळ तूच. माझ्या खोलीतले जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे काढून टाक, काढून टाक म्हणून वर्षभर माझ्यामागे कोणी ससेमिरा लावला होता? (या शब्दाचा सशाशी काही संबंध नाही, मी कोशात पाहिलं.) बेवारशी जनावरं ठेवतात त्या आश्रयगृहात पिंजऱ्यांतून अंथरायला जुने कागद लागतात असं कळलं, म्हणून मी सहा गठ्ठे घेऊन गेलो. तिथल्या बाई पिंजरा साफ करत होत्या. त्यांनी एक मूठभर पिल्लू माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, एक मिनिट धरा. त्या एका मिनिटात ते माझ्या बाहीत शिरलं आणि झोपलं. बाई कागद अंथरून वळल्या, माझ्याकडे पाहिलं आणि पिल्लू परत न मागता सरळ टेबलाचा खण उघडून फॉर्म काढला. पंधरा दिवस सांभाळून बघा, म्हणाल्या, जमलं तर कागद पुरे करा, नाही जमलं तर परत आणून द्या. मी गठ्ठे द्यायला गेलो होतो हे मला घरी आल्यावर आठवलं.

आता तुझ्या बोलण्यातली भाषेची चूक. तू फोनवर सारखं ‘तो’, ‘तो’ करतेस. तो की ती हे अजून कोणालाच माहीत नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी उलटं करून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं, आणि म्हणाल्या की आणखी महिनाभराने सांगते. आता महिनाभर मी क्रियापदं कुठे ठेवू? ‘आला’ म्हणावं तर उद्या सशीण निघायची, ‘आली’ म्हणावं तर ससा. शेवटी मी त्याचं नाव टिंब ठेवलं. टिंब हे नपुंसकलिंगी, शेपटीही अगदी अनुस्वाराएवढी, त्यामुळे व्याकरण आणि जनावर दोन्ही शाबूत राहिली. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई मात्र त्याला ‘ती बया’ म्हणतात, कारण त्यांच्या डोक्यावर ते पाय आपटतं. त्यांच्याशी व्याकरणावर वाद घालण्यात अर्थ नाही.

त्याचे उद्योग तुझ्या कानावर येणारच, तेव्हा माझ्याकडूनच ऐक. फोनच्या चार्जरची वायर कुरतडली. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा खाल्ला, उजवीला तोंडही लावलं नाही. शब्दकोशाचा तिसरा खंड कण्यापासून सोलायला घेतला, आणि मी ओरडलो तर तोंडातला कागद न सोडता माझ्याकडे पाहत राहिलं. ते स्वतःच्या लेंड्याही खातं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भडभडून आलं, की आपल्या घरी जीव आला आणि त्याच्यावर ही पाळी यावी. दोन दिवस मी कागदाचा तुकडा हातात घेऊन त्याच्या मागेमागे फिरलो आणि त्या उचलून फेकल्या. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबा, त्याचं औषध त्याच्या तोंडातून काढून घेऊ नका, सगळे ससे खातात. (मला आजोबा म्हणणारी ही पहिलीच व्यक्ती.)

आता जे तुला माहीत नाही ते सांगतो. सांगायचं नव्हतं. पण तू मला बेजबाबदार म्हणतेस, तर निदान खऱ्या कारणासाठी म्हण. आश्रयगृहाने पिल्लासोबत सूचनांचा एक छापील कागद दिला होता. छापील कागद हातात आला की मी काय करतो ते तुला ठाऊक आहे. टेबलाशी बसलो, लाल पेन काढलं आणि पहिल्या ओळीपासून तपासायला घेतला. ‘पाणि’ होतं, ‘पाणी’ केलं. ‘जागेत’ दोनदा होतं, एक काढलं. सातव्या ओळीत असं छापलं होतं: ‘पिल्लू तीन महिन्यांचे होईपर्यंत गाजर, कोबी व फळे द्यावीत नये.’ आता ‘द्यावीत नये’ हे काही मराठी नव्हे. एकतर ‘द्यावीत’ हवं, नाहीतर ‘देऊ नयेत’. दोन्ही दुरुस्त्या व्याकरणाला धरून. अशा वेळी छापखान्यातला आमचा नियम ठरलेला असे: जिच्यात खाडाखोड कमी, ती दुरुस्ती करावी. मी ‘नये’वर काट मारली. वाक्य कसं स्वच्छ झालं. मग त्या स्वच्छ वाक्याप्रमाणे मी बाजारात गेलो आणि टिंबाला गाजर, कोबी आणि सफरचंदाची फोड घातली. दोन दिवस घातली. ते आनंदाने खायचं आणि मी आनंदाने पाहायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते कोपऱ्यात बसलेलं, मागचे पाय घाण झालेले, कान थंडगार. मी उचललं तर वजनच लागेना. त्याला शर्टाच्या आत घालून मी दवाखान्यात गेलो, जिना एकदाही न थांबता उतरलो, आणि हे तू रागवावंस म्हणून सांगत नाही, सांगायचं म्हणून सांगतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खायला घातलं? मी कागद पुढे केला. त्यांनी माझी लाल काट पाहिली, तिच्याखालचा ‘नये’ वाचला, आणि माझ्याकडे पाहिलं. ताई, चौतीस वर्षांत माझ्या हातून पुष्कळ चुका सुटल्या असतील, पण त्यांनी कोणाचं पोट बिघडलं नव्हतं. इतक्या लहान पिल्लाला एवढ्यानेही जीव गमवावा लागतो, असं त्या म्हणाल्या. त्यांनी सुई दिली, पाजायची पिचकारी दिली आणि सांगितलं की दर तासाला पाणी पाजा, ऊब द्या, वाळलेल्या गवताखेरीज काहीही समोर ठेवू नका. दोन दिवस मी जमिनीवर बसलो. (कंबर धरली ती तेव्हा.) पिचकारीचं टोक त्याच्या ओठांच्या कडेला लावायचं आणि एकेक थेंब सोडायचा. त्या दोन दिवसांत मी वर्तमानपत्र उघडलं नाही, आणि मला त्याची आठवणही झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने गवताची एक काडी ओढली. ती पूर्ण आत जाईपर्यंत मी श्वास रोखून बसलो होतो.

आता मंगळवारच्या फोनबद्दल. त्याच फोनवरून तू हा टोपलीचा निर्णय घेतलास, तेव्हा त्याचाही निकाल लावतो. टिंब बरं झालं होतं, खात होतं, खोलीभर उड्या मारत होतं. मंगळवारी जेवण झाल्यावर मी खुर्चीत बसलो, ते माझ्या पायाशी आलं, उभं राहिलं, आणि एकाएकी धाडकन कुशीवर पडलं. पाय ताणलेले, डोळा अर्धा उघडा. मी हाक मारली तर कान हलला नाही. डॉक्टरीणबाईंना फोन करायचं सुचलं नाही, तुलाच केला, आणि ‘ताई, टिंब गेलं’ एवढंच म्हणालो. तू काही विचारलं नाहीस. निघाले, म्हणालीस. तू बसमध्ये बसल्यावर इकडे टिंब उठलं, त्याने जांभई दिली आणि मिशा पुसायला लागलं. मी पुन्हा फोन केला तेव्हा तू तिसऱ्या थांब्यावर होतीस. दुखऱ्या गुडघ्याने तुला तिथे उतरून परत जावं लागलं, ही ससेहोलपट माझ्यामुळे झाली, त्याबद्दल मी माफी मागतो. (या शब्दाचा मात्र सशाशी संबंध आहे.) पण डॉक्टरीणबाई नंतर काय म्हणाल्या ते ऐकायच्या आधी तू फोन ठेवलास. त्या म्हणाल्या, ससा असा धाडकन आडवा होतो तेव्हा त्याला काही झालेलं नसतं. जिथे आपल्याला कसलंच भय नाही अशी त्याची खात्री पटते, तिथेच तो तसा पडतो. म्हणजे ज्या गोष्टीवरून मला सांभाळता येत नाही असं तू ठरवलंस, ती मला सांभाळता येतं याची पावती होती. मी त्याला विष घातल्यासारखं केलं होतं, आणि ते माझ्या पायाशी येऊन निर्धास्त पडलं. मला तर हे अजून पचत नाही.

तर मी आता ऐकणार नाही. तू म्हणशील, माझ्याकडे अंगण आहे. आहे. तू म्हणशील, माझ्याकडे नातवंडं आहेत, त्यांच्यात रमेल. रमेल. तू म्हणशील, तुला स्वतःच्या गोळ्या आठवत नाहीत. आठवतात, कारण सकाळी टिंबाचं गवत बदलतो तेव्हाच मी त्या घेतो, आणि गेल्या बारा दिवसांत एकही चुकलेली नाही. सशाचं काळीज म्हणजे भित्रं काळीज, असं आपण उगाच म्हणतो. हे मूठभर जनावर न पटलेल्या गोष्टीला मागचा पाय आपटून विरोध करतं, मग समोर मी असो की शिंपीणबाई. मी आयुष्यात कोणापुढे पाय आपटला नाही. मुख्य संपादकांपुढे नाही, तुझ्यापुढे तर नाहीच. हे पत्र म्हणजे माझं पहिलं पाय आपटणं समज. आवाज तुझ्या घरापर्यंत यावा म्हणून सात पानं लागली.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, टोपलीला काही नाही.

तुझा (आणि आता कोणाचा तरी मोठा असलेला),
धाकटा

ता. क. १ : टोपली रिकामी आण असं वर कुठेतरी म्हटलं असेल, तर ते रद्द समज. तुझ्या अंगणातलं गवत कापून, दोन दिवस उन्हात वाळवून, टोपली भरून आण. बाजारातलं त्याला आवडत नाही.

ता. क. २ : सोबत आश्रयगृहाचा फॉर्म जोडला आहे. सोमवारी तो पुरा करून दिला नाही तर टिंब परत जाईल. सगळे रकाने भरले, एकच राहिला आहे. त्यात विचारलंय की दत्तक घेणाऱ्याचं काही बरंवाईट झालं तर प्राण्याची जबाबदारी कोण घेईल. नाव, नातं आणि सही. नीट सांभाळलं तर ससा दहा वर्षं जगतो म्हणे. मी नीट सांभाळणार आहे, त्यामुळे त्याची दहा वर्षं पक्की. माझी मी त्यात बसवून पाहिली, जाळीसकट, पण बसेनात. दुसरं कोणाचं नाव घालावं म्हणून तीन दिवस विचार केला, आणि माझ्याकडे दुसरं नावच नाही असं लक्षात आलं. तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणजे हे नाव नियमात तरी बसतं की नाही कोण जाणे. पण तू जेवणाच्या टेबलावरूनसुद्धा सगळ्यांचं झाल्याशिवाय उठत नाहीस, तेव्हा माझा तुझ्यावर भरवसा आहे. मी तुझं नाव पेन्सिलीने घातलं आहे. रविवारी त्यावर शाईने सही कर.

ससा तुझाच आहे, ताई. फक्त आत्ता नेऊ नकोस.