खारीच्या केसांचा कुंचला

भाजे, मळवली स्टेशनाजवळ
फाल्गुन वद्य चतुर्थी, शके १८५२

प्रिय त्र्यंबक,

तुझ्यावर फिर्याद आहे. चैत्री जत्रेतल्या सोंगांची तोंडे रंगवायला मी तुझ्याकडे तीन कुंचले मागितले. बालमित्र पुण्यात नाटक कंपनीचे पडदे रंगवीत असताना खेड्यातल्या मास्तराने दुसरीकडे कशाला जावे, ही आमची भाबडी समजूत. तू पाठवलेस काय? एक डुकराच्या केसांचा, एक कोणत्या प्राण्याचा हे त्या प्राण्यालाही सांगता येऊ नये असा, आणि एक खारीच्या शेपटीचा. पडद्यावरच्या डोंगराला जो केस चालतो तो माणसाच्या पापणीला चालत नाही, एवढे तरी कळायला हवे होते. पाठशाळेत घोकलेले काव्य, न्याय, व्याकरण सगळे व्यर्थ!

डुकराच्या कुंचल्याने तर एका झटक्यात दोन धर्म बुडवले. आमचा फकरुद्दीन शिंपी कित्येक वर्षे हिरण्यकशिपू होतो. त्याने कुंचला उचलून विचारले, "गुरुजी, ह्यो केस कुटला वो?" मी म्हटले, पुण्याचा. "पुन्याचा हाय ते कळलं, पर जनावर कंचं?" मी त्याच्या हातून कुंचला काढून घेतला. हौशीराम, म्हणजे आमचा नरसिंह, बाजूलाच बसला होता. म्हणाला, "फकीरभाई, औंदा तुमचं प्वाट फाडाया माझी नखं नगंत, ह्यो बुरूसच पुरं." तो कुंचला आता शाळेच्या भिंतींना चुना लावतो. दुसराही त्याच्याच सोबतीला आहे.

राहिला खारीचा. पाठशाळेच्या गावातले रखमाजी सोंगाडे तुला आठवतात ना? रूपावली घोकायची सोडून आपण त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. तांबडा हिंगूळ खोबरेलात खलून झाला की रंगात बुडवण्याआधी ते कोरडा कुंचला स्वतःच्या डाव्या गालावरून फिरवीत आणि डोळे मिटून घेत. "गाल हासला पायजे," म्हणत. गाल हसला तर केस मऊ, नाहीतर कुंचला बाद. ती खोड मी उचलली. तुझ्याकडे त्यांचा रंग गेला, माझ्याकडे गाल आला. दरवर्षी एकेक तोंड रंगवून झाले की कुंचला धुतो, पुसतो आणि केस राठ झाले नाहीत ना, हे आधी माझ्या गालावर पाहून मगच पुढच्याच्या तोंडाला लावतो.

तुझ्या खारीने गाल हसेना. मी रिठ्याच्या पाण्यात कुंचला धुतला, तेलाचा हात दिला, सावलीत वाळवला. पुन्हा तेच. गवताची काडी फिरवावी तसेही वाटेना. मनातल्या मनात तुझ्यावर दोन श्लोक रचले, ते लिहून पाठवण्यासारखे नाहीत. शेवटी फकरुद्दीनला म्हटले, बघ रे, मेलेला केस आहे. त्याने गालावर टेकवला मात्र, आणि तोंड वाकडे करून हसायला लागला. "मेलेला कशाचा! लय गुदगुल्या करतोय की वो!"

मग मी तो उजव्या गालावर धरला. गाल हसला. डाव्यावर धरला. काही नाही.

त्या गालावर दिवाळीपासून एक तांबूस चट्टा आहे. सौ. म्हणते ऊन लागले. मी मान डोलावली. तिच्याशी मतभेद करू नये हे मी फार पूर्वी शिकलो आहे. पण संस्कृत शिकलेल्याचे दुर्दैव असे की त्याला नको त्या गोष्टींची नावे ठाऊक असतात. वैद्यकाच्या जुन्या पोथ्यांत स्पर्श न कळणे हे कोणत्या रोगाच्या आरंभी सांगितले आहे, ते तुलाही आठवेल. पाठ केले तेव्हा आपण हसलो होतो. सौ. पाण्याला गेल्यावर मी आरशासमोर बसून चट्ट्यावर सुई टोचली. रक्त आले. दुसरे काही आले नाही.

गावाला सांगितले आहे की डोळे अधू झाले, यंदा रंगवणे जमणार नाही. हौशीराम म्हणाला, "डोळं गेलं तर जाऊंद्या, हात हाय न्हवं? आमची तोंडं तुमच्या हाताला पाट हायती." मी पटकन देवळामागे गेलो.

खारीचा कुंचला परत पाठवीत नाही. चुलीत घातला. उत्तम होता, माझी फिर्याद मागे घेतो. तुझे डॉक्टर मेव्हणे मला कोणाच्या नजरेस न पडता तपासतील का, हे विचारून ठेव. सौ.ला पुण्याचे काहीतरी निमित्त सांगेन. महारोग असला तर माझे काय होईल, याचा विचार करून झाला. त्याला फार वेळ लागला नाही. पण त्र्यंबक, मागच्या जत्रेपर्यंत प्रत्येक कुंचला आधी माझ्या या गालावर टेकला आहे आणि मग त्यांच्या. हौशीरामच्या, फकरुद्दीनच्या, दरवर्षी प्रल्हाद होणाऱ्या पोरांच्या. चट्टा दिवाळीला दिसला. आत कधीपासून होता ते मला ठाऊक नाही. डॉक्टरांना एवढेच विचारायचे आहे, की तो कुंचल्याने एकापासून दुसऱ्याला जातो का. मला फार भीती वाटते.

तुझाच,
नरहर