डोहातली वाळू

रांचो लास गोलोंद्रिनास,
९ ऑक्टोबर १९८७

चि. इसाउरोस आशीर्वाद. थोरली बहीण पडले, संतापले तरी द्यावाच लागतो.

काल तुझी होणारी सासू ला पास शहरातून इथे आली आणि अंगणात शेजारपाजारची माणसं असताना मला खुनी म्हणाली. धबधब्याच्या कड्यावरून उडी मार, पाणी खोल आहे, असं मी तिच्या लेकीला, नोएलियाला, सांगितलं म्हणे! आणि हे तू सांगितलंस म्हणे! अरे, त्या सकाळी तुला कॉफी देताना मी काय बोलले? वादळानं डोहात वाळू भरलीय, पाणी कमरेइतकंच उरलंय, कुणी उडी मारायची नाही. तू नंदीबैलासारखी मान डोलावलीस. शिवाय कड्यावर मी धोक्याची पाटी ठोकली होती, लाल रंगात. ती आज निवडुंगामागे सापडली, खुंटासकट, पालथी. वारा काय पाट्या दडवून ठेवतो?

उत्तर धाड. यंदा शेळीचं चीज मिळणार नाही.

तुझी, अजून तरी, ताई
एदुविहेस

ला पास,
१३ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाटी मीच काढली. नोएलियाचा उडी मारतानाचा फोटो काढायचा होता, पाटी मध्ये येत होती. वाळूचं मी ऐकलंच नाही; तू साध्या अंघोळीलाही सतरा सूचना देतेस. त्या उडीनं तिचं कमरेचं हाड मोडलंय. तिची आई अंगावर धावून आली, तेव्हा तोंडातून तुझं नाव निघून गेलं. आता शब्द फिरवला तर लग्न मोडेल. ताई, एवढं तू अंगावर घे. डोंगरात राहतेस, तुझं काय जातंय?

माया पातळ करू नकोस.
इसाउरो

रांचो लास गोलोंद्रिनास,
१७ ऑक्टोबर

चि. इसाउरोस,

माझं काय जातंय? इथल्या आया माझ्या शब्दावर लेकरं डोहात सोडतात. आठवडा झाला, एकही फिरकली नाही. ते जातंय!

काल तू कामावर असताना मी दवाखान्यात गेले, सगळं सांगायचंच म्हणून. नोएलियानं माझा हात धरला आणि म्हणाली, ताई, मला ठाऊक आहे. तू पाटी उपटत होतास, तेव्हा तिनं तुला पाहिलं होतं. काय आहे विचारलं, तर शेळ्यांची जुनी पाटी म्हणालास आणि हसलास. रोज तू तिच्याजवळ येऊन बसतोस. आज बोलेल, उद्या बोलेल, म्हणून ती आईपाशी गप्प राहिली होती.

माझ्यासमोरच तिनं आईला सगळं सांगितलं. मग तुझी खुर्ची खोलीबाहेर ठेवायला लावली. पत्र पोचेपर्यंत तू ती पाहिली असशील.

घरी ये. आधी बोलणी खावी लागतील, मग जेवण.

ताई