पहिली घागर

तेलगाव,
शनिवार, २५ एप्रिल १९८७

प्रिय सत्यभामा,

तुझा गुडघा आता कसा आहे? तू दिलेल्या मोगऱ्याला आंघोळीचं पाणी घालते. एक कळी धरली आहे. बाकी सगळं वाळलं. ऊसच नव्हता, त्यामुळे कारखाना फेब्रुवारीतच बंद झाला. हे चेअरमन, म्हणून लोक पावसाचा जाबही यांनाच विचारतात. मी हल्ली घरीच असते.

आमच्याकडे दुष्काळ पडला की महादेव कोंडतात. गाभाऱ्याच्या दाराला चिखलाचा बांध घालून पिंड बुडेपर्यंत पाणी भरायचं. देव गुदमरला की पाऊस सोडतो म्हणे. यंदा त्यासाठी दोन टँकर ठरले, ऊसतोड्यांच्या वस्तीला येणारे. देवळातल्या बैठकीत मी उठून विचारलं, "देव दयाळू असेल तर त्याला गुदमरवायचं कशाला? आणि गुदमरवल्याशिवाय तो ऐकत नसेल, तर त्याला दयाळू कसं म्हणायचं?"

बंकट पाटील हसत म्हणाले, "मिशनच्या शाळेत शिकलेल्या बाई, दुसरं काय बोलनार?" सगळे हसले. हे हसले नाहीत.

सिस्टर ॲग्नेस आठवते? प्रार्थनेनं पाऊस पडतो तर वाळवंटात कुणी प्रार्थनाच करत नाही का, असं आपण विचारलं होतं. तिनं चिंचेखाली उभं केलं आणि नंतर हळूच लिमलेटच्या गोळ्या दिल्या. इथं फक्त गोळ्याच मिळतात, झोपेच्या. मी त्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरते.

दाराला कडी नाही गं. पण मला कुठं न्यायचं नाही असं ड्रायव्हरला सांगून ठेवलंय आणि फोन माडीवर नेलाय. बद्रीनाथ, माझा पोटचा मुलगा, गावभर सांगतो की उन्हानं आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. कारखान्याची निवडणूक तोंडावर आहे. चेअरमनची बायको देवाला बोल लावणारी चालत नाही. वेडी असली तर चालते.

सोमवारी पहिली घागर मी ओतायची. ओतली तर बरी झाले. नाही ओतली तर तुमच्या औरंगाबादच्या दवाखान्यात नेणार. "तुझ्या भल्यासाठीच," हे म्हणाले, आणि माझ्या अंगावर पांघरूण घातलं. पूर्वीसारखंच.

स्वयंपाकाला येणारी भिवराबाई त्याच वस्तीतली. काल भाकरी थापता थापता म्हणाली, "बाई, तुमचं लई पटलं. पर खरंच पाऊस पडला तर?" मी म्हणाले, "तोवर तुझी नातवंडं काय पितील?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "सोमवारी मी हंडा घेऊन देवळाच्या पायरीवर बसते. तुमी बगा."

हे पत्र तिच्याच हाती देते आहे. तुला मिळेल तेव्हा सोमवार उलटलेला असेल. घागर मी तिच्या हंड्यात ओतलेली असेल आणि गाडी मला घेऊन निघालेली असेल.

तू भेटायला ये. डॉक्टरांना एवढंच सांग, ही लहानपणापासून असंच विचारते.

पूर्ण शुद्धीत,
तुझी गीता