मी स्वतः तपासलेलं घर

४ मार्च
अकोल्यातलं घर पाहिलं. नवाकोरा रंग, एक भेग नाही. आकांक्षा म्हणते, घर काळ्या मातीवर आहे, ती पावसात फुगते, रंगाखाली भेगा झाकल्या असतील, आधी नीट तपासू. दोन वर्षं झाली पोरगी सिव्हिल इंजिनिअर होऊन. मी बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं काढली! आवक-जावकला होतो म्हणून काय झालं? प्रत्येक इमारतीचा कागद माझ्या हातून गेला.

९ मार्च
स्वतः तपासणी. भिंती ठोकल्या, नळ सोडले. मागच्या खोलीतलं कपाट तेवढं हलवलं नाही. आकांक्षाने हलवाच म्हटलं होतं, म्हणून मुद्दाम नाही. घरमालक भगवंतराव म्हणाले, "साहेब, तुमच्यासारखी नजर म्या नाही पाहिली." जाणकार माणूस.

११ मार्च
जेवताना बायको, रुख्मिणी, म्हणाली, "पोरगी लोकायचे घरं तपासते. तुमाले काहून नाही चालत?" ताटावरून उठलो. संकल्प : या विषयावर घरात अवाक्षर काढणार नाही.
अर्ध्या तासाने काढलं. मोठ्याने.

२ एप्रिल
रजिस्ट्री झाली. निवृत्तीचा सगळा फंड गेला, पण घर पक्कं आहे. आकांक्षा आली नाही. नको येऊ!

१४ जून
आठवडाभर पाऊस. मागच्या खोलीचं दार घासतं. सुतार म्हणे, "दाराले काई नाही झालं साहेब, भिंतच खाली बसली." हाकलला. कपाटामागून एक भेग वर आली आहे. ही पूर्वी नव्हती, घर मागाहून बिघडलं. भगवंतराव फोन उचलत नाही. हलकट!

१८ जून, सकाळी ११.१०
वास्तुशांती. सोवळं नेसायला मागच्या खोलीत आलो, दार लोटलं. आता उघडत नाही. वही खिशात आहे म्हणून लिहितो.

११.२५
भटजी खोळंबले. दाराबाहेर सगळे पाहुणे. आतून सगळ्यांवर ओरडलो. कपाट सरकवलं. भेगेत बोट जातं.

११.४०
बाहेरून आकांक्षा : "बाबा, मांगं सरका. दार तोडून राहिलो आमी." बजावलं, माझ्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही.
लावला.

दुपारी ४
पाहुणे जेवून गेले. आकांक्षा भेगा मोजते आहे. आणखी दोन खोल्यांत सापडल्या. पाया उकरून पाहावा लागेल, म्हणते. मी भडकलो, हे आधी सांगता येत नव्हतं का? रुख्मिणीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. आकांक्षा कपाटाच्या जागेशी वाकली आणि म्हणाली, "बाबा, टॉर्च धरा जरा."
धरला.
"सरळ धरा."
सरळ धरला.