खुर्ची न्हाई, भुईच हाय

ता. पलूस
१८ ऑगस्ट २०२४

ती. मंगलमावशीस,
राजनंदिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही हे आज बरंच वाटलं. फोनवर मी रडले असते. पत्रात निदान शुद्धलेखनाकडे लक्ष ठेवावं लागतं, कारण तू लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवतेस.

आमचा ठराव पुन्हा पडला. एसटी थांब्याजवळच्या जागेत बायकांसाठी स्वच्छतागृह व्हावं, असं ग्रामपंचायत सदस्य म्हणून मीच मांडलं होतं. इस्लामपूरला कॉलेजात जाणाऱ्या आमच्या मुली सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत गं. सरपंचांना मात्र त्याच जागेवर स्वागत कमान हवी आहे. मे महिन्याच्या ग्रामसभेत पुरुष खुर्च्यांवर आणि बायका त्यांच्या पाठीमागे सतरंजीवर होत्या. बायकांचे वर केलेले हात ग्रामसेवकांना दिसलेच नाहीत. म्हणून या वेळी, पंधरा ऑगस्टच्या सभेला, भांडभांड भांडून मी साठ खुर्च्या आणवल्या आणि बायकांसाठी पुढे मांडल्या.

बायका आल्या, खुर्च्यांवर पिशव्या ठेवल्या आणि स्वतः त्यांच्या मागे भुईवर बसल्या! त्यात पहिल्या माझ्या सासूबाई. वर केलेले हात पुन्हा खुर्च्यांआड गेले. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाल्या की, तुजं मामंजी समोर असताना आमी खुर्चीत बसायचं व्हय? मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेच नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत शेवटची संधी. त्यानंतर कमानीचा पाया खणणार आहेत. काहीतरी सुचव.

तुझी,
राजनंदिनी

सातारा
२६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. राजनंदिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रात चार चुका आहेत. रागाच्या मानाने कमीच म्हणायच्या.

तुझ्या सासूबाईंवर, राहीबाईंवर, चिडू नकोस. मी तेहतीस वर्षं शाळेत खुर्चीवर बसले, मुख्याध्यापिका झाले. पण घरी सासरे आले की ताडकन उठायची. शेवटपर्यंत ते सुटलं नाही. सगळ्यांनाच सतरंजीवर बसव, असं लिहिणार होते, तेवढ्यात तुझ्या मामंजींचे गुडघे आठवले. सुभेदारसाहेब एकदा खाली बसले तर त्यांना उठवायला पलटण लागेल.

आता खुर्च्यांऐवजी बाकं शोधत हिंडण्यापेक्षा एक कर. तुमच्या गावातल्या बायका पुरुषांच्या देखत बिनधास्त कुठे बसतात, ते आधी बघ. आणि जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी भांडखोर स्वभावाची खरी वारसदार,
छे, उलटं झालं. वारसदार तू, मी मूळ मालकीण.
मंगलमावशी

ता. पलूस
१६ सप्टेंबर २०२४

ती. मंगलमावशीस शि. सा. न. वि. वि.

सापडलं! काल कृष्णेत होड्यांच्या शर्यती होत्या. मामंजी पंच, म्हणून त्यांना धरून धरून घाटाच्या अगदी खालच्या पायरीवर नेऊन बसवलं. आणि सासूबाई? त्यांच्या चार पायऱ्या वर, डोक्यावरचा पदर एका हाताने धरून आमच्या होडीच्या नावाने ओरडत होत्या. आजूबाजूला सगळ्या सुना, कुणी सासऱ्याच्या वर, कुणी दिराच्या शेजारच्या पायरीवर.

मी हळूच म्हटलं की, तुम्ही मामंजींच्या वर बसला आहात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला भूतबाधा झाली आहे. म्हणाल्या, आगं, ही काय खुर्ची हाय? ही तर भुईच हाय की!

आज सकाळी सरपंचांकडे गेले. ग्रामसभेच्या सभागृहाची फरशी उखडलेलीच आहे, तिन्ही भिंतींना घाटासारख्या रुंद पायऱ्या बांधू म्हटलं. ते कुरकुरले. मग मी सांगितलं की मधोमध उभ्या राहणाऱ्याचा फोटो तिन्ही बाजूंनी झकास येतो. लगेच त्यांनी गवंड्याला फोन लावला. हसू नकोस.

तुझी,
राजनंदिनी

ता. पलूस
२७ जानेवारी २०२५

ती. मंगलमावशीस शि. सा. न. वि. वि.

जिंकलो, मावशी, जिंकलो!

काल ग्रामसभेला बायका आल्या आणि कुणी काही सांगायच्या आत पायऱ्या चढून बसल्या. सासूबाई सगळ्यांत वर, खांबाला टेकून. खालची पायरी मामंजींना गुडघ्यांमुळे सोयीची पडली. मागच्या मोजणीवरून भांडण झालं होतं, म्हणून दोन्ही बाजूंनी म्हटलं की हात सुभेदारांनी मोजावेत, ते लय कडक माणूस. आणि मामंजी तर उघडपणे कमानीच्या बाजूचे.

कमानीला अठ्ठावन्न हात. त्यात त्यांनी स्वतःचाही धरला. मग आमच्या ठरावासाठी ते काठी टेकत मागे वळले आणि त्यांना मान वर करावी लागली. पहिलाच हात दिसला तो सासूबाईंचा, ताठ. मामंजी बघतच राहिले. सासूबाईंनीही नजर खाली घेतली नाही, पदर घसरला तरी हात तसाच.

मग परेडच्या आवाजात मामंजी म्हणाले, एक! आणि मोजत गेले ते थेट एकशे तेरापर्यंत. मी तिथेच हमसाहमशी रडले, सगळ्यांदेखत.

सरपंच आकडे लिहू लागले, तर मामंजींनी त्यांना थांबवलं. म्हणाले, कमानीकडचा माजा हात कमी करा, आन हिकडं एकशे चौदा लिवा.

चुका मोजून ठेव, मला सगळ्या मान्य आहेत. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
राजनंदिनी