रोजा सुटल्यानंतरचा रोजा

१ मार्च, शनि.
चाँद दिसला. उद्यापासून रोजे. अब्बा कोल्हापूरहून माझ्याकडे आले ते दातासाठी. इथं बनशंकरीत, माझ्या घराजवळच्या डेंटिस्टनं गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला. म्हणाले, तंबाखू आजच बंद. महिन्यानं या, राहिलाच तर तुकडा काढून तपासू.
अब्बांनी उभा जन्म ट्रक चालवला, तंबाखूवर जागून. रोज्यात दिवसभर बंद असते, पण इफ्तारला खजूर गिळला की चुना-तंबाखू तळहातावर. आज म्हणाले, "औंदा रोजा सुटल्यावर बी न्हाई." मी हं म्हटलं. बघू.

४ मार्च, मंगळ.
डोकं दुखतंय त्यांचं. इफ्तारला चिडले, "भज्यात मीठ हाय का न्हाई?" होतं. मग बडीशेप चघळत गॅलरीत येरझाऱ्या.
ऑफिसात नागपूरचा निखिल, "रोज्यानं वजन उतरतं ना गं?" म्हटलं, आमच्याकडची इफ्तारची भजी बघायला ये एकदा.

१० मार्च, सोम.
खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी जिन्यात गाठलं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठीत निम्मं कन्नड. "तुझे अब्बा काल नमाजाहून येताना पानटपरीपाशी उभे. स्वल्प वेळ नुसते बघत होते. त्यानं पुडी पुढं केली, तर म्हणाले, बेडा."
बेडा! नको! अब्बांचा पहिला कन्नड शब्द. कॅबमध्ये एकटीच हसत होते.

१९ मार्च, बुध.
माझे रोजे सध्या बंद, दरमहाचं कारण. तरी पहाटे सहरीच्या जेवणाला उठले, त्यांना एकट्याला जेवायला नको. अब्बा आमटीचा घोट घेऊन थांबले. "हिंग घातलायस व्हय?"
"रोजच घालते."
"मला आज कळला."
जिनाही हल्ली न थांबता चढतात. रोज्यानं, की तंबाखू नाही म्हणून? काही का असेना.

२६ मार्च, बुध.
अब्बा आपणहून म्हणाले, "काल राती एक चिमूट खाल्ली. गाडीवरचा दोस्त गेला, फोन आला हुता. थुकली लगीच. पर खाल्ली."
भयंकर राग आला. मग वाटलं, मी विचारलंही नव्हतं. लपवता आलं असतं की. अम्मीपासून तर किती खातात ते जन्मभर लपवलं.
आज इफ्तारनंतर स्वतःच म्हणाले, चल, फिरून येऊ. कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. माझे अब्बा.

३१ मार्च, ईद.
शीरखुर्मा. अक्का आल्या, निखिल आला. निखिलनं विचारलं, "कसं जमवलं, काका?" अब्बा म्हणाले, "दिवसभर ऱ्हातोय, तर रातीचं का न्हाई ऱ्हायचं? एवढंच." निखिलही स्वतःची सिगारेट रोज मोजून कमी करतोय म्हणे. मी मुद्दाम दोघांना जास्त वाढलं.
पण आजपासून दिवसही मोकळा. धाकधूक...

३ एप्रिल, गुरु.
डेंटिस्टकडे. चट्टा लहान झालाय, गेला नाही.
"रोज्यांनी?" मी.
"तंबाखू थांबली म्हणून. थांबवायला रोज्यांची मदत झाली असेल."
तरी तुकडा काढला. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात.
रिक्षात अब्बा गालाला रुमाल लावून. "ईदनंतरचे सहा रोजे धरू का?"
"जखम भरू दे आधी."
"बरं. भरली की धरतो."
"आणि तंबाखू?"
माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कुणा दुसऱ्याचंच विचारतेय. "ती कशाला इचारतीस?"