गुंडूला न सांगता

२ जून, सोमवार
सोळा वर्षं कॉलेजच्या ऑफिसात लोकांचे फॉर्म तपासले. आता स्वतःचं ऑनलाइन फॉर्म सेंटर. मंगळवार पेठेत गाळा मिळाला, बोर्ड लागला, खुर्च्या आल्या, फॅन बसला. राहिलं फक्त इंटरनेट आणि फोन. दोन दिवसांचं काम. गुरुवारी उद्घाटन.
संकल्प: घाईत कुठलंही कनेक्शन घ्यायचं नाही.

३ जून, मंगळवार
कोडोलीहून दर मंगळवारी लोणी घेऊन येणाऱ्या झुंबरबाई आल्या. सोबत नात संयोगिता. बारावी झाली, नर्सिंगला जायचंय. फॉर्मची शेवटची तारीख २० जून, संध्याकाळी पाच. पोरगी म्हणाली, मोबाईलवरच भरते. मी म्हटलं, मोबाईलवर अजिबात नको. एक रकाना चुकला तर वर्ष जातं. माझ्याकडे भर, परवा सेंटर सुरू होतंय. झुंबरबाई तिला म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं? साहेबांचा जल्म गेलाय फॉर्मात."
बरं वाटलं. इतकं बरं वाटायला नको होतं, असं नंतर वाटलं.

५ जून
उद्घाटन पुढे ढकललं. कारण नैतिक आहे.
आमच्या गल्लीचा केबलवाला गुंडू. नेटही देतो. अप्पा बाथरूममध्ये पडले तेव्हा हा समोरच्या खांबावर होता. उतरून आला आणि माझ्या वडिलांना पाठीवर घेऊन रिक्षापर्यंत गेला. मी त्या वेळी चपला शोधत होतो. अशा माणसाचं नेट सोडून दुसऱ्याचं घ्यायचं? आणि उपकार आठवून घेतलं, तर गिऱ्हाइकांवर अन्याय नाही का?
आज गुंडू गाळ्यावरून गेला. बोर्ड बघून म्हणाला, "दादा, वायर कवा टाकू?" मी म्हटलं, बघू. मग खाली वाकून उगीच बूट पुसले.

७ जून, शनिवार
तक्ता केला. पाच कंपन्या, चौदा रकाने. स्पीड, तक्रार किती तासांत सुटते, फोनवर माणूस बोलतो की मशीन, वगैरे. पंधरावा रकाना 'कृतज्ञता' असा घातला. त्यात गुंडूला दहापैकी दहा, बाकीच्यांना शून्य. हे निष्पक्ष वाटेना. रकाना खोडला. खोडल्यावर अप्पांच्या फोटोकडे बघवेना.
मीनाक्षी म्हणाली, "अहो, माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट घ्या आणि सुरू तरी करा." धंद्याचा पाया असा उधारीच्या नेटवर घालायचा नसतो, हे तिला समजावलं. ती भाजी निवडत होती. निवडत राहिली.

९ जून
आज प्रगती. धंद्यासाठी वेगळं सिम घेतलं. नंबर निवडायला सव्वा तास. दुकानदार अखेर म्हणाला, "पावणं, पोराचं नाव ठेवायला तरी एवढा येळ लावलासा काय?"
व्हॉट्सॲपवर आपोआप जाणारं उत्तरही बसवलं: 'आपला संदेश मिळाला. आमचा प्रतिनिधी लवकरच संपर्क साधेल.' प्रतिनिधी मीच. म्हणजे खोटं नाही. पण 'आमचा' म्हणायला आम्ही कितीजण आहोत?

१० जून, मंगळवार
झुंबरबाई. "नेट आलं न्हाय अजून?" म्हटलं, प्रक्रिया चालू आहे. हा शब्द मी कॉलेजात सोळा वर्षं वापरला. समोरचा तो ऐकून निघून जातो, हे मला माहीत आहे. झुंबरबाईही गेल्या. लोणी मात्र जास्त देऊन गेल्या.
संध्याकाळी संयोगिताचे तीन मेसेज. 'काका, कधी येऊ?' तिन्हींना प्रतिनिधी लवकरच संपर्क साधेल असं उत्तर गेलेलं. मी तिथेच बसलो होतो.

११ जून
निर्णय झाला. तक्त्याप्रमाणे मोठी कंपनी, ती निळ्या टी-शर्टवाली. गुंडूला सांगायचं नाही. हे लपवणं नाही. त्याला होणारं दुःख टाळणं आहे. जोडणीची वेळ शुक्रवारी दुपारी दोनची मागितली. त्या वेळेला गुंडू जेवायला घरी असतो.

१३ जून, शुक्रवार
दोन वाजता कंपनीचा माणूस आला. निळा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. गुंडू.
म्हणाला, "काय दादा, तुमीच व्हय ते? मघाशी नाव वाचून वाटलंच." इकडचं कंपनीचं कामही त्याच्याकडेच आहे म्हणे. दोन वर्षं झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दहा दिवसांत मी मनातल्या मनात काय काय केलं होतं, ते सगळं त्याला सांगितलं. अप्पांचंही सांगितलं. तो ड्रिल हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "व्हय, पर भोक कुठं पाडू?"

१४ जून
तरीही मन शांत नाही. शिक्षा म्हणून गुंडूचं स्वतःचं कनेक्शनही घेतलं. विचार केला तर हे धंद्याच्याही हिताचं आहे. एक नेट बंद पडलं तर दुसरं. शहरात किती फॉर्म सेंटरांकडे अशी सोय असेल?
मीनाक्षीने विचारलं, "दोन्ही गुंडूचीच ना?" म्हटलं, कंपन्या दोन आहेत. ती भावनेने विचार करते.

१७ जून, मंगळवार
दोन्ही नेट चालू. झुंबरबाई आणि संयोगिता दारात उभ्या, हातात कागदांची पिशवी. आजच भरता आला असता. पण एका मुलीच्या भवितव्यावर नेटची चाचणी घेणं पटेना. तीन दिवस स्पीड बघतो, शुक्रवारी दुपारी दोनला या, म्हटलं. संयोगिता काहीतरी बोलणार होती. आजीने तिचा दंड धरला.
आज एकूण सव्वीस वेळा स्पीड तपासला. उत्तम.

२० जून, शुक्रवार
दुपारी २.०५: आल्या. पेढेही आणलेत. आधी फॉर्म, मग पेढा, असं ठरवलं.
२.२०: कोपऱ्यावर जेसीबीने रस्ता उकरायला घेतला. पहिल्या नेटचा दिवा लाल. हसून म्हटलं, म्हणूनच दोन घेतलीत.
२.२१: दुसऱ्याचाही लाल.
३.००: माझ्या नव्या सिमला गाळ्यात रेंज नाही. चौदा रकान्यांत हे कुठेच नव्हतं. संयोगिता मोबाईल काढत होती. म्हटलं, थांब, धीर धर.
३.४०: रस्त्यावर जाऊन फोन लावला, गुंडू उचलत नाही. मीच शोधायला निघालो.

संध्याकाळी ६
गुंडू खड्ड्यात गुडघाभर उतरून वायर शोधत होता. त्याला म्हटलं, दोन्ही कशी गेली? "दादा, वायरी दोन हायत, पर आल्यात एकाच खांबावनं. खांबच पाडला की त्येनी." आधी का सांगितलं नाहीस? "तुमी इचारलासा कुठं? मला वाटलं, हौसंनं घ्याय लागल्यात."
धावत परत आलो. पाचला दहा कमी. आयुष्यात प्रथमच कुणाचं तरी वर्ष माझ्यामुळे जाणार होतं. गाळ्यात झुंबरबाई एकट्या फॅनखाली बसलेल्या. पोरगी कुठाय? "उसाचा रस प्याय गेलीया. फॉर्म भरला की तिनं."
कशावर? "मोबाईलवर. तुमी भाईर पडलासा आन् तिनं काढला. धा मिंटं बी लागली न्हाईत."
मग इतके दिवस थांबलात कशाला? झुंबरबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "ती पयल्या दिवशीच भरणार हुती. मीच न्हाय भरू दिला. म्हणलं, साहेबांनी नवं दुकान टाकलंय, पयलं गिऱ्हाईक आपुन हाय. त्यांचं मन मोडंल."
मी त्यांच्यासाठी थांबलो होतो. त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. रिकाम्या पोटी पेढा खाल्ला. गोड होता, हेही टोचलं.
जाताना झुंबरबाईंनी विचारलं, "गावातल्या चार पोरी उद्या हिच्याकडनं कालेजाचं फॉर्म भरून घ्याय यायच्यात, त्येची तारीख अजून हाय. हितं बसल्या तर चालंल न्हवं? फॅन बरा हाय तुमचा."

२१ जून, शनिवार
सेंटर सुरू झालं. दहा ते दीड पाचजणी बसल्या होत्या. संयोगिता एकेकीचा रकाना तपासून बघत होती. पिनकोड चुकलेला तिने माझ्याआधी पकडला. अकराला दोन्ही नेट परत आली. पासवर्ड देऊ का, म्हटलं. एकजण म्हणाली, "नको काका, आमचाच डेटा संपंना झालाय." मी पाणी दिलं. एकीला खुर्ची कमी पडली, माझी दिली.
संध्याकाळी मीनाक्षीने विचारलं, "पहिल्या दिवशी गर्दी होती का?"
होती, म्हटलं. बसायला जागा नव्हती.
ती इतकी खूश झाली, की पुढचं काही विचारायचं तिला सुचलं नाही. आणि मी सुचू दिलं नाही.